जितकी थंडी, तितकीच धग

जपानच्या बेटांची माळ उत्तरेकडून दक्षिणेकडे उतरत जाते तसा हिवाळाही सौम्य होत जातो. साहजिकच, ज्या होक्काइदो बेटावरील साप्पोरो शहरात जानेवारीचे सरासरी उष्णतामान शून्याखाली तीन अंशांच्या आसपास असते आणि एका हिवाळ्यात एकंदर पाच मीटरांच्या जवळपास बर्फ पडते, तेथील घरे सर्वांत गार असतील, आणि ज्या शिकोकु बेटावरील कागावा प्रांतात समुद्राकाठच्या उतारांवर ऑलिव्हच्या बागा पिकतात, तेथील घरे सर्वांत उबदार असतील, असा अंदाज कोणीही सुज्ञ मनुष्य बांधील. परंतु जपानी संशोधकांनी देशभरातील घरांत हिवाळ्याच्या दिवसांत उष्णतामापके ठेवून जी मोजदाद केली, तिचा निष्कर्ष याच्या नेमका उलट निघाला. बैठकीच्या खोलीचे सरासरी उष्णतामान होक्काइदोत १९.८ अंश सेल्सिअस, म्हणजे सर्वाधिक भरले. कागावात ते अवघे १३.१ अंश, म्हणजे सर्वांत कमी आढळले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली थंड हवामानातील घरांसाठी किमान १८ अंशांची शिफारस केली आहे. ती कसोटी लावली, तर हिमप्रदेशातील घर उत्तीर्ण होते आणि सौम्य प्रदेशातील घर अनुत्तीर्ण ठरते.

ही विसंगती कशामुळे उत्पन्न झाली, याचा विचार करू लागले की घरातील विस्तवाविषयीचे आपले कितीतरी दृढ समज ढिले होतात. होक्काइदोचे घर उबदार आहे ते तेथे अधिक प्रखर अग्नी पेटतो एवढ्यामुळे नव्हे. तेथे उष्णता भिंतींच्या आत अडवून धरली जाते, ती मंद आणि अखंड ठेवली जाते, आणि बाहेरच्या हवेने मागितली तितकीच दिली जाते. त्या देण्याघेण्याचे साधन आहे नळ्यांतून फिरणारे पाणी. आणि ते पाणी आज किती अंशांवर ठेवावे हा वरकरणी किरकोळ वाटणारा प्रश्न या लेखाचा विषय आहे.

*

दक्षिणेकडील जपानी मनुष्य थंडीपुढे अडाणी होता असे मात्र कोणी समजू नये. चौदाव्या शतकात, १३३० च्या सुमारास, केन्को या संन्याशाने ‘त्सुरेझुरेगुसा’ नावाचा जो स्फुटसंग्रह लिहिला, त्यात घर उन्हाळा ध्यानात घेऊन बांधावे, हिवाळ्यात मनुष्य कोठेही राहू शकतो, असा अभिप्राय त्याने नोंदला आहे. आणि क्योतोच्या दमट, घामट उन्हाळ्याचा ज्याला अनुभव आहे त्याला तो अभिप्राय अवाजवी वाटणार नाही. लाकडाचे खांब, कागदाचे सरकते पडदे, जमिनीपासून उचललेली तक्तपोशी, चहूबाजूंनी वारा खेळता ठेवण्याची तजवीज, असे ते घर असे. अशा घरात हवा तापवणे व्यर्थ होते, म्हणून जपानी माणसाने घर तापवण्याचा नाद सोडून देह तापवण्याची साधने शोधली. निखाऱ्यांचे भांडे म्हणजे हिबाची. बुटक्या चौरंगावर जाड रजई पसरून तिच्याखाली धग ठेवायची आणि कुटुंबाने तिच्यात पाय घालून बसायचे, तो कोतात्सु. आणि दिवसाच्या शेवटी गळ्यापर्यंत बुडून बसण्याचे ऊन पाण्याचे कुंड, म्हणजे फुरो. यांपैकी फुरोचे माहात्म्य सर्वांत मोठे आहे. अंग बाहेर स्वच्छ धुऊन मगच कुंडात उतरायचे, आणि तेच पाणी घरातील सर्वांनी पाळीपाळीने वापरायचे, असा शिरस्ता असल्यामुळे त्या पाण्याच्या उष्णतामानाविषयी जपानी कुटुंबाचा कटाक्ष फार सूक्ष्म असतो: चाळीस अंशांना कोमट, बेचाळिसाला योग्य, चव्वेचाळिसाला कढत, इतक्या बारकाव्याने तेथे बोलले जाते.

आपल्याकडे तांब्याचा बंब पेटवून पाणी कढत करायचे आणि मग घंगाळात विसण घालून ते अंगाला सोसेल असे करायचे, ही जशी पिढ्यान्‌पिढ्यांची रीत होती, तशीच लोखंडी कढईखाली लाकडे पेटवून थेट तिच्यातच बसण्याची ‘गोएमोनबुरो’ ही पद्धत जपानच्या खेड्यांत होती. दोन्हींत अग्नीचे प्रमाण माणसाच्या अंदाजावर सोपवलेले असे, आणि अंदाज चुकला की तो थंड पाण्याने दुरुस्त केला जाई.

*

अंदाजाची ही चैन होक्काइदोत परवडण्यासारखी नव्हती. मेइजी सरकारने १८६९ साली ‘काइताकुशी’ नावाचे वसाहत खाते स्थापन करून या बेटाचा मुलूख लागवडीखाली आणण्याचा उपक्रम हाती घेतला, १८७१ साली होरेस केप्रन या अमेरिकी कृषितज्ज्ञाला सल्लागार म्हणून आणवले, आणि मुख्य बेटावरून आलेल्या वसाहतकऱ्यांना जमिनी दिल्या. परंतु त्या वसाहतकऱ्यांपैकी बहुतेकांनी आपल्याबरोबर आपल्या गावचे घरही आणले, म्हणजे तेच कागदी पडदे आणि तीच फटींची तक्तपोशी. ज्या बेटावरील आसाहिकावा येथे २५ जानेवारी १९०२ रोजी पारा शून्याखाली ४१ अंशांवर गेल्याची नोंद आहे, तेथे अशा घरातील हिवाळा कसा गेला असेल याची कल्पनाच केलेली बरी. १८७९ साली होरोनाईची कोळशाची खाण सुरू झाली, पुढे लोखंडी शेगड्या घरोघर आल्या, आणि कोळसा मुबलक असल्याने थंडीचे उत्तर अधिक कोळसा हेच ठरून गेले. शेगडीजवळ बसलेल्याचा चेहरा भाजे आणि पाठ गारठे. रात्री विस्तव विझला की सकाळी घरातले पाणी गोठलेले असे. आणि शहरावर धुराचे छत्र पसरे.

या अवस्थेला पहिला मोठा कायदेशीर धक्का बसला तो १९५३ साली. होक्काइदोत थंडीपासून संरक्षण देणाऱ्या घरबांधणीस उत्तेजन देण्याचा खास कायदा त्या वर्षी मंजूर झाला, आणि सरकारी गृहकर्ज हवे असेल तर घर थंडी अडवणारे असले पाहिजे, अशी अट आली. काँक्रीटच्या ठोकळ्यांची, उतरत्या त्रिकोणी छपरांची जी घरे आजही बेटावर दिसतात ती या कायद्याची अपत्ये आहेत. दुसरा धक्का धुराने दिला. १९७२ च्या हिवाळी ऑलिंपिकचे यजमानपद साप्पोरोकडे आले तेव्हा शहराच्या मध्यभागातील काजळी ही लाजेची बाब ठरली, आणि १९६८ साली स्थापन झालेल्या उष्णता-पुरवठा कंपनीने १९७१ पासून एका मध्यवर्ती केंद्रात पाणी तापवून ते जमिनीखालच्या नळांतून इमारतींना पुरवण्यास आरंभ केला. तिसरा धक्का १९७३ च्या तेलसंकटाचा. कोळशाची जागा तोवर रॉकेलने घेतली होती, आणि रॉकेलचा भाव कडाडताच लोकांनी भिंतींत काचतंतूंचे जाड थर भरले. पण भरण्याची विद्या अपुरी होती. घरातील दमट हवा भिंतींत शिरून तेथे गार होई, पाणी सुटे, आणि सत्तरच्या दशकाच्या अखेरीस साप्पोरोच्या परिसरात नव्याकोऱ्या घरांच्या तक्तपोशीखाली लाकूड कुजवणारी बुरशी फैलावल्याचे उघडकीस आले. मुरोरान येथील तंत्रविद्यापीठातील प्राध्यापक कामाता यांच्यासारख्या अभ्यासकांनी या अपयशाचे कारण हवेच्या गळतीत शोधून काढले आणि लाकडी घर हवाबंद करून त्याला नियमित वायुवीजन देण्याची रीत ऐंशीच्या दशकात सिद्ध केली. आधी भिंत सुधारली, म्हणूनच पुढे अग्नी मंद करता आला. हा क्रम ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

*

आजच्या होक्काइदोतील घराबाहेर बहुधा ४९० लिटरांची रॉकेलची टाकी उभी असते. पाचशे लिटरांपासून अग्निशामक खात्याला वर्दी द्यावी लागते, म्हणून ती त्या मर्यादेच्या किंचित अलीकडे थांबलेली असते. टँकर फिरतीवर येऊन ती भरून जातो. घरातील बॉयलर ते रॉकेल जाळून पाणी तापवतो, पंप ते पाणी नळ्यांतून प्रत्येक खिडकीखालच्या पोलादी पॅनेलांत फिरवतो, आणि गार झालेले पाणी पुन्हा बॉयलरकडे परत येते. हे पाणी नळाचे साधे पाणी नसते. गोठू नये म्हणून त्यात प्रतिबंधक द्रव मिसळलेला असतो आणि तो काही वर्षांनी बदलावा लागतो. पॅनेले खिडकीखालीच का, याचेही कारण आहे: काचेवरून घरंगळणारी गार हवा तेथेच ऊन होऊन वर चढावी.

आता मुख्य प्रश्न. घरातून बाहेर निसटणारी उष्णता ही आतल्या आणि बाहेरच्या उष्णतामानांतील अंतराच्या प्रमाणात असते. आत २० अंश हवेत आणि बाहेर उणे १२ असेल, तर हे अंतर ३२ अंशांचे. बाहेर ४ अंश असतील तर ते नेमके निम्मे, म्हणजे १६ अंशांचे. मग निसटणारी उष्णताही निम्मी, आणि म्हणून पुरवायची उष्णताही निम्मीच. समजा कडाक्याच्या दिवशी पॅनेलांतील पाणी सरासरी ६० अंशांवर असावे लागते, म्हणजे खोलीपेक्षा ४० अंशांनी अधिक. तर सौम्य दिवशी ते खोलीपेक्षा २० अंशांनी अधिक, म्हणजे ४० अंशांवर पुरावे, असे त्रैराशिक सांगेल. पण पॅनेलचा स्वभाव त्रैराशिकाचा नाही. ते जसे गार होते तशी त्याच्या अंगावरून वर चढणाऱ्या हवेची गतीही मंदावते, आणि उष्णता देण्याची त्याची शक्ती उष्णतामानापेक्षा अधिक वेगाने घटते. हिशेब नीट केला तर उत्तर ४३-४४ अंश येते. बाहेरचे उष्णतामान आणि पाण्याचे उष्णतामान यांचा आलेख काढला की म्हणूनच सरळ रेषेऐवजी किंचित वाकलेली रेषा मिळते, आणि प्रत्येक घराची ही रेषा निराळी असते: गळक्या घराची उभी, बंदिस्त घराची पसरट.

युरोपात, विशेषतः जर्मनीत, हे काम यंत्राकडे सोपवण्याचा प्रघात जुना आहे. घराच्या उत्तर भिंतीवर, जेथे ऊन पोहोचून त्याची फसगत होणार नाही अशा जागी, एक छोटा संवेदक बसवतात, आणि तो सांगेल त्याप्रमाणे बॉयलर पाण्याचा अंश वरखाली करतो. होक्काइदोतील अनेक घरांत मात्र ही कामगिरी घरातील कर्ती व्यक्तीच पार पाडते: ऑक्टोबरात बॉयलर सुरू करताना पाणी चाळिशीच्या घरात ठेवायचे, बर्फ स्थिरावले की पन्नाशीकडे न्यायचे, जानेवारी-फेब्रुवारीत साठीच्या आसपास चढवायचे, आणि मार्चमध्ये छपरांवरून पाणी ठिबकू लागले की पुन्हा पायरीपायरीने उतरायचे. पॅनेलांवरच्या आकडे कोरलेल्या झडपा खोलीखोलीचा बारीक हिशेब पाहतात. ऋतूचा ठोक हिशेब पाण्याच्या अंशाने होतो. वर्षभर पाणी साठ अंशांवरच ठेवून नुसत्या झडपांवर भिस्त ठेवली, तर घर उबदार राहील हे खरे; पण बॉयलर क्षणात पेटेल, क्षणात विझेल, नळ्या वाटेत उष्णता सांडतील आणि खोलीची हवा कधी चटका देणारी तर कधी निस्तेज होईल.

मंद पाण्याचा आणखी एक लाभ आहे, तो धुराड्यात दडलेला. इंधन जळताना पाण्याची वाफ उत्पन्न होते. ती वाफ धुराड्यावाटे निघून गेली तर तिच्यातील सुप्त उष्णताही गेली. परत येणारे पाणी पुरेसे गार असेल, नैसर्गिक वायूच्या बाबतीत सुमारे ५५ अंशांहून खाली, तर ही वाफ बॉयलरातच द्रवते आणि आपली सुप्त उष्णता परत देते. जपानमध्ये वायूवरील अशा यंत्रांना ‘एकोजोझु’ आणि रॉकेलवरील यंत्रांना ‘एकोफील’ म्हणतात. पूर्वीच्या यंत्रांची ऐंशी टक्क्यांच्या आसपास असणारी कार्यक्षमता त्यांत पंचाण्णवपर्यंत जाते. परंतु घराला ऊब देण्यासाठी त्यांतून अतिऊन पाणी फिरवले, तर वाफ द्रवतच नाही, आणि महागाचे यंत्र जुन्या यंत्रासारखेच वागू लागते.

*

दक्षिणेकडे, जेथे घरभर ऊब देण्याची प्रथा नव्हती, तेथे हाच विचार स्नानाच्या पाण्यातून अवतरला. वायूवर चालणाऱ्या तात्काळ बंबाची शक्ती जपानात ‘गो’ या मापाने सांगतात: एका मिनिटात एक लिटर पाणी २५ अंशांनी तापवणे म्हणजे एक गो. मोठ्या कुटुंबाच्या घरी २४ गोंचा बंब असतो. नळाचे पाणी २५ अंशांवर असताना तो बेचाळीस अंशांचे पाणी मिनिटाला पस्तीस लिटर देऊ शकेल. जानेवारीत नळाचे पाणी ५ अंशांवर आले की तोच बंब मिनिटाला सोळा लिटरांवर थबकतो, आणि दोनशे लिटरांचे कुंड भरायला बारा मिनिटे लागतात.

टाकीत साठवण करणाऱ्या यंत्राचे गणित याहून मनोरंजक आहे. २००१ साली निईगाता प्रांतातील सांजो येथील कोरोना या कारखान्याने कार्बन डायऑक्साइड वायूवर चालणारा घरगुती उष्णता-पंप बाजारात आणला. तोक्यो वीज कंपनी, वीज उद्योगाची मध्यवर्ती संशोधनसंस्था आणि डेन्सो यांच्या संशोधनातून निर्माण झालेल्या या यंत्रप्रकाराला ‘एकोक्यूट’ हे नाव मिळाले. ते बाहेरच्या हवेतील उष्णता उपसून पाण्यात ओतते, म्हणून जितकी वीज खाते तिच्या कित्येक पट उष्णता देते. त्याचे पाणी उन्हाळ्यात ६५ अंशांपर्यंत तापते, आणि कडक हिवाळ्यात ९० पर्यंत जाऊ शकते. असे का, हे ३७० लिटरांच्या टाकीचा हिशेब मांडला की उमगते. उन्हाळ्यात नळाचे पाणी २४ अंशांवर असेल, तर ६५ अंशांच्या टाकीत विसण घालून ४२ अंशांचे सुमारे ८४० लिटर पाणी होते. हिवाळ्यात नळाचे पाणी ९ अंशांवर आले की त्याच टाकीतून जेमतेम ६३० लिटर निघते, आणि रात्री शेवटी स्नानाला जाणाऱ्याच्या वाट्याला गार पाणी येते. पण टाकी ८५ अंशांवर तापवली की पुन्हा सुमारे ८५० लिटर मिळते. कागदावरचा हा हिशेब यंत्र आपल्या परीने रोज करते: गेल्या काही दिवसांत कुटुंबाने किती पाणी वापरले याची नोंद ठेवून, हवा आणि नळाचे पाणी यांचा अंदाज घेऊन, आज किती तापवायचे ते ठरवते. पाणी जितके अधिक तापवावे तितका पंप अधिक कष्टतो, म्हणून गरजेपुरतेच तापवण्यात त्याचे सारे शहाणपण आहे.

प्रारंभी हे तापवणे मध्यरात्रीनंतर, स्वस्त विजेच्या वेळी होत असे. त्या स्वस्ताईच्या मागे अणुवीजकेंद्रांची अखंड चालणारी यंत्रे होती. ११ मार्च २०११ च्या भूकंपानंतर आणि फुकुशिमाच्या दुर्घटनेनंतर ती व्यवस्था ढासळली, आणि छपरांवरील सौरवीज वाढत गेली. म्हणून २०२२ पासून दुपारी पाणी तापवणारी यंत्रेही आली आहेत. दुपारची हवा रात्रीपेक्षा ऊन असते, त्यामुळे पंपाला श्रम कमी पडतात, आणि पाणी संध्याकाळपर्यंतच साठवायचे असल्याने वाटेत गमावली जाणारी उष्णताही घटते.

उतरण्यालाही एक मर्यादा आहे, आणि ती आरोग्याची आहे. साठवलेले पाणी कोमट राहिले की लिजिओनेला नावाचा जंतू त्यात वाढतो. २००२ साली मियाझाकी प्रांतातील ह्युगा येथील एका सार्वजनिक स्नानगृहात या जंतूने सात जणांचा बळी घेतला. साठवणीचे पाणी साठ अंशांच्या वर ठेवण्याचा दंडक अशा अनुभवांनीच पक्का होतो. भिंतीतील नळ्यांत फिरणारे बंद पाणी चाळीस अंशांवर खुशाल ठेवावे; अंगावर घेण्यासाठी साठवलेले पाणी मात्र तसे ठेवू नये.

*

एवढ्या काटेकोर पाण्याच्या देशात स्नानगृह हेच हिवाळ्यात मृत्यूचे स्थान व्हावे, ही गोष्ट अंतःकरणाला चटका लावणारी आहे. स्नानाशी संबंधित मृत्यूंची संख्या वर्षाला सुमारे १९,००० असावी, असा आरोग्य मंत्रालयाच्या संशोधकगटाचा अंदाज आहे, आणि बळी प्रामुख्याने वृद्ध असतात. उबदार बैठकीतून उठून गारठलेल्या खोलीत कपडे उतरायचे, आणि त्या थंडीने आकसलेल्या देहासह कढत पाण्यात उतरायचे, यात रक्तदाब आधी उसळतो आणि मग कोसळतो. ग्राहक संरक्षण खात्याची शिफारस अशी की पाणी ४१ अंशांपेक्षा अधिक नसावे, दहा मिनिटांपेक्षा अधिक बसू नये, आणि कपडे उतरण्याची खोली आधी ऊन करून घ्यावी. यांतील शेवटची सूचना मला सर्वांत महत्त्वाची वाटते. पाण्याच्या अंशाची इतकी जपणूक केली, पण ज्या हवेतून त्या पाण्याकडे जायचे तिचा अंश पाहिलाच नाही, हे दक्षिणेकडील घराचे खरे दुखणे होय. होक्काइदोचा मनुष्य नोकरीनिमित्त तोक्योत आला की येथील घरे फार गार आहेत अशी तक्रार करतो, ती यामुळेच. त्याच्या घरात स्नानगृह, माडी, बोळ, सर्वत्र हवा सारखी असते. एप्रिल २०२५ पासून नव्या घरांना ऊर्जाबचतीचे किमान निकष सक्तीचे झाले आहेत. केन्कोच्या अभिप्रायानंतर सात शतकांनी जपानने हिवाळ्याचाही हक्क मान्य केला, असे म्हणता येईल. पण लक्षावधी जुनी घरे त्या कायद्याच्या कक्षेबाहेर आहेत, आणि त्यांतील वृद्धांसाठी प्रत्येक हिवाळा हा धोक्याचाच आहे.

*

या साऱ्याशी मराठी वाचकाचा संबंध काय, असे कोणी विचारील. नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नानासाठी आपणही पाणी तापवतो. पुण्यात जानेवारीच्या पहाटे पारा दहा-अकरा अंशांवर येतो आणि निफाडला त्याहून खाली जातो. वीस लिटर पाणी चाळीस अंशांवर नेण्यासाठी, नळाचे पाणी अठरा अंशांवर असेल तर अर्धा युनिट वीज लागते. अठ्ठावीस अंशांवर असेल तर पाव युनिटाहून थोडी अधिक. आपला गिझर मात्र बारा महिने त्याच खुणेवर ठेवलेला असतो. विसण घातल्याने उष्णता नाहीशी होत नाही, हे खरे; ती नाहीशी होते ती आधी, टाकीच्या अंगावरून, आणि नंतर, न वापरलेल्या ऊन पाण्यातून. म्हणून ऋतू पाहून गिझर किती वेळ चालवायचा हे ठरवावे, आणि स्नानाच्या थोडे आधीच तो लावून नंतर बंद करावा, एवढा बोध तरी आपल्याला तात्काळ घेता येतो.

पण याहून मोठा बोध उन्हाळ्याचा आहे, कारण आपल्या मुलखाचा खरा शत्रू थंडी नव्हे, ऊन आहे. होक्काइदोत जो नियम आतली उष्णता राखण्यासाठी लागू पडतो, तोच आपल्याकडे बाहेरची उष्णता रोखण्यासाठी उलट्या दिशेने लागू पडतो: खर्च ठरतो तो आतबाहेरच्या अंतरावर. बाहेर चाळीस अंश असताना खोली अठरावर नेणारा मनुष्य बावीस अंशांच्या अंतराशी झुंजतो. सव्वीसवर समाधान मानणारा चौदा अंशांशी. भारत सरकारने २०२० पासून वातानुकूलन यंत्रे कारखान्यातूनच चोवीस अंशांवर लावून पाठवण्याची तरतूद केली, ती याच न्यायाने. परंतु त्या तरतुदीच्या आधीची पायरी आपण अजून चढलेलो नाही. तापणाऱ्या स्लॅबखाली, पश्चिमेच्या उघड्या काचांमागे आपण यंत्रे बसवत सुटलो आहोत, जसा एके काळी होक्काइदोचा वसाहतकरी कागदी पडद्यांमागे कोळसा जाळत होता. त्याला शहाणे व्हायला शंभर वर्षे लागली. आपल्याला इतकी सवड नाही. त्याने जो क्रम अखेर स्वीकारला तो आपण आरंभीच स्वीकारावा: आधी छप्पर आणि भिंत, मग यंत्र, आणि यंत्राचा अंश आपल्या सवयीने न ठरवता त्या दिवसाच्या हवेप्रमाणे ठरवावा.